ओवाळणीची फ्रेम

लोटूमामाला सायकलची फ्रेम घ्यायची होती, आणि त्यासाठी तो सुरतेतल्या निम्म्या सायकलवाल्यांशी भांडून झाला होता. उरलेल्या निम्म्यांना हा लांबून येताना दिसला की चहा प्यायची आठवण व्हायची.

माझा हा मामा उधन्याला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की तो चालू करायचा आणि कारागिरांवर ओरडायचं, अशी त्याची दोन कामं. दुसरं पगारात धरलेलं नव्हतं, ते तो हौसेनं करी. राहायला गोडादऱ्यात. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. मी तिथल्या हायस्कुलातून बारावी होऊन, चिकटव कुठंतरी म्हणून त्याच्याकडे येऊन पडलो होतो. तो मला चिकटवणार होता, पण फ्रेमचं एकदा मार्गी लागल्यावर.

मामा सायकलवर कसा होता ते आमच्या गावानं प्लेगच्या साली पाहिलं. सुरतेतला सगळा खान्देश उधन्याच्या स्टेशनावर भुसावळच्या गाडीला लोंबकळत होता तेव्हा मामानं शोभामामीला आणि पोरांना कसंबसं डब्यात कोंबलं आणि स्वतः सायकलवर निघाला. नवापूर, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळं करत पारोळ्यात उतरला. गावातली माणसं काळजीनं विचारत होती, सुरतेत काय परिस्थिती आहे? आणि हा चौकात उभा राहून तावातावानं सांगत होता की फ्रेम मागून वाकडी आहे, त्यामुळे सगळ्या घाटात चाक घासलं.

ती फ्रेम म्हणजे दूधवाले वापरतात त्या जातीची. मामानं तिचं मडगार्ड, कॅरियर, स्टँड, चेनकव्हर, घंटी, जे सोलता येईल ते सोललं होतं. त्या सांगाड्यावर बसून तो दर सव्वीस जानेवारीला शर्यतीत उतरायचा. उधना ते बारडोली आणि परत. एका क्रीडा मंडळाची शर्यत होती ती. मामा कधी दुसरा यायचा, कधी तिसरा, आणि पहिल्या आलेल्याच्या सायकलकडे असा बघायचा की त्या पोराला बक्षीस घेताना घाम फुटे. मी आलो त्या वर्षी मंडळानं नवीन नियम काढला. पुढच्या वर्षीपासून चाळिशीवरच्यांची शर्यत वेगळी, ‘ज्येष्ठ गट’, फक्त कडोदऱ्यापर्यंत. मामाला चाळिसावं चालू होतं.

“ज्येष्ठ!” मामा म्हणाला. “म्हंजे आता काठी देतील का बक्षीस?”

तर पोरांबरोबर पळायचं हे शेवटचं वर्ष, आणि एकदा तरी ते सरळ फ्रेमवर बसून पळायचं, एवढंच त्याचं म्हणणं. सगळे सुटे भाग त्यानं वर्षानुवर्षं हुडकून पत्र्याच्या पेटीत जमवले होते. फक्त फ्रेम पसंत पडत नव्हती. भागळच्या बाजारात एका दुकानदारानं चकचकीत क्रोमची फ्रेम दाखवली. मामानं ती नखानं वाजवली आणि म्हणाला, “ही खाटेला लावा.” दुसऱ्यानं त्या वेळी पोरांत फार चालत होती तसली जाडजूड नळ्यांची फ्रेम काढली. मामा म्हणाला, “सायकल पाहिजे, बोअरिंगचा पाइप नको.” तिसऱ्यानं हिलाच विचारा म्हणून बायकोला बाहेर बोलावलं आणि स्वतः मागच्या दारानं गेला.

शेवटी ती सापडली बारडोलीच्या अलीकडे, भिखुभाई म्हणून एका ऊसवाल्याच्या ओसरीवर. त्यांचा पुतण्या इंग्लंडहून आला होता, जाताना सायकलचं बाकी सगळं विकून गेला आणि फ्रेम खुंटीला राहिली. रंग हिरवा, जागोजागी उडालेला, त्यावर लसणाची माळ टांगलेली.

मी सोबत होतो. मामानं लसूण बाजूला केला आणि बोटाच्या पेरानं वरची दांडी टोकापासून टोकापर्यंत वाजवत नेली. कडेला आवाज भरीव, मध्ये पातळ, पुन्हा कडेला भरीव.

“ऐकलं का? टोकाला जाड, मध्ये कागद. जिथं जोर येतो तिथंच लोखंड ठेवलंय. बाकीचं काढून टाकलंय.”

मग खिशातून सुतळी काढली. मागचं चाक बसतं तिथल्या एका फटीला बांधून पुढे हँडलच्या नळीवरून वळवून दुसऱ्या फटीपर्यंत ओढली आणि मधली नळी दोन्हीकडून सारख्या अंतरावर आहे का ते बघितलं. होती. टॉर्च लावून सीटच्या नळीत गंज बघितला. नव्हता. स्वतःच्या मांडीशी धरून उंची बघितली. बरोबर. काहीच खोट सापडेना तसा मामाला राग यायला लागला.

“भाई, लेवुं छे के नथी लेवुं?” घ्यायचं की नाही, भिखुभाईंनी एकदाचं विचारलं. त्यांचं जेवण थांबलं होतं.

मामानं किंमत विचारली. भिखुभाईंनी सांगितली. मामानं लसणाची माळ परत फ्रेमवर टांगली आणि आम्ही निघालो. उधन्यापर्यंत तो इंग्लंडला शिव्या देत होता.

इथं मामीच्या भावाला, वाल्मिकला आणलं पाहिजे. वाल्मिकचा स्वतःचा टेम्पो होता. कारखान्यातून कापडाचे ताके न्यायचे आणि रंगाईच्या मिलला टाकायचे. माणूस दिलदार, आणि दिलदारी केल्यावर ती चार लोकांना दिसली पाहिजे, या मताचा. भाऊबीजेला तो आला, मामीनं ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवायला काढली. मामी म्हणाली, “साडीच्या गावात साडी काय देतोस? तुझ्या दाजींना एक फ्रेम आवडली आहे. ती दे मला ओवाळणी.”

मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो लाजला की भिंतीकडे बघायचा, ओळखू येत नसे इतकंच.

“बस का ताई! फ्रेम तर फ्रेम,” वाल्मिक म्हणाला. “मीच घेऊन येतो टेम्पोतून.”

मामाला सुट्टी नव्हती. त्यानं वाल्मिकला समोर बसवून सूचना दिल्या. गोधडीत गुंडाळायची. वर काही ठेवायचं नाही. दोर आवळायचा नाही. खड्ड्यात हळू. वाल्मिक दर सूचनेला “हो दाजी” म्हणत होता, आणि पुढचं सगळं ऐकताना हे लक्षात ठेवा की त्यानं यातली एकही सूचना मोडली नाही.

तो आला ते संध्याकाळी, हॉर्न वाजवत. गल्ली गोळा झाली. गोधडीतून फ्रेम काढून त्यानं मामीच्या हातात दिली. वरच्या दांडीवर, बरोबर मधोमध, टिंबाटिंबांनी ठोकलेली सुबक अक्षरं होती:

‘चि. सौ. शोभाबाई लोटू पाटील हिस बंधू वाल्मिककडून भाऊबीजेची सप्रेम भेट.’

आमच्याकडे लग्नात हंडा द्या, वाटी द्या, नाव घातल्याशिवाय देत नाहीत. भांडीवाला छन्नी-हातोडी घेऊन बसलेलाच असतो. वाल्मिकनं लिंबायतच्या भांडीवाल्याकडे टेम्पो थांबवला होता.

मामानं फ्रेम दिव्याखाली नेली. अक्षरांवरून अंगठा फिरवला. दांडी ‘शोभाबाई’पासून ‘सप्रेम’पर्यंत चेपली होती, आणि ‘भेट’मधल्या ‘ट’ला छन्नी आरपार गेली होती.

“हाई काय शे?” मामानं विचारलं. मामा अहिराणीवर आला की चाळीतली कुत्रीसुद्धा उठून जात.

“नाव आहे दाजी. बिननावाची वस्तू चाळीत कुणाच्या घरात जाईल सांगता येतं का? आणि उद्या लोक म्हणतील फ्रेम तुम्ही घेतली. मग मी काय दिलं?”

“भोक पडलंय!”

“पडू द्या की! दूध थोडंच भरायचंय तिच्यात?”

मामानं मग जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. थोडक्यात, वाल्मिकची अक्कल, त्याचा टेम्पो, त्याच्या घराण्यातली लग्नं, असा तो मागे मागे जात गेला. घराणं आलं तसा वाल्मिकही उठला. “ताईचा भाऊ म्हणून ऐकतोय,” तो म्हणाला, “नाहीतर ही तुमची गळकी फ्रेम तुमच्याच...” मामी मध्ये आली म्हणून वाक्य अर्धंच राहिलं. टेम्पो निघून गेला. गोधडी राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन भांडीवाल्याकडे गेला. भांडीवाला हंड्यावर कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ ठोकत होता. त्यानं फ्रेम ओळखली.

“हो, मीच घातलं. पत्रा फार हलका निघाला हो. मी त्यांना म्हटलं पण, असलं हलकं देऊ नका बहिणीला. तरी हात राखून मारलं.”

मामानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हंडा त्याच्या डोक्यात जातो. पण मामानं फ्रेम खांद्याला लावली आणि वळला. शिवी देण्यासाठीसुद्धा समोरच्याला थोडी तरी समज लागते, असं तो वाटेत म्हणाला.

उधन्याला सुकलाल वेल्डर मामाच्या ओळखीचा. त्यानं फ्रेम उलटीसुलटी करून सांगितलं, “असली नळी सुरतेत नाही मिळायची. ही दांडी कापून साधा पाइप पितळानं जोडून देतो. जड होईल थोडी. पण सरळ राहील, ती जबाबदारी माझी. हिच्यावर अशीच बसलास तर बारडोलीच्या वाटेत नावाच्या जागी मोडेल.”

मामाला कापायची होती. पण कापायचं म्हणजे भावाचं नाव कापायचं, तेही ओवाळणीवरचं. घरी आठ दिवस धुसफूस. मामा पितळी भांडं आपटून जेवायचा, आपटल्यावर त्यावरचं नाव वाचायचा आणि आणखी चिडायचा. वाल्मिकचा निरोप आला: नाव कापलं तर त्या घरचा उंबरा मी पाहणार नाही. मामानं उलटा निरोप पाठवला की उंबऱ्याला कळवतो.

निरोप्या मीच होतो. मी वाल्मिककडचा निरोप थोडा सौम्य करून सांगायचो, तरी मामा चिडायचा. मग मी जसाच्या तसा सांगायला लागलो, वेळ तरी वाचायचा.

एका सकाळी मामी कणीक मळता मळता उठली. “ओवाळणी कुणाची?” तिनं विचारलं.

“तुझी,” मामा म्हणाला.

“मग दोघांपैकी एकानं तरी मला विचारलं का? त्यानं नाव घातलं, मला न विचारता. तू त्याचं घराणं काढलंस. ते घराणं माझं नाही? मी त्या घरातच जन्मले ना?” कणकेचे हात तसेच. “शर्यतीत पळायला मागितली मी ती. भिंतीला लावायला नाही. जा, काप. आणि वाल्मिकला मी सांगेन काय सांगायचं ते. पण त्याला ज्या शिव्या दिल्यास त्यातली एक जरी परत या घरात ऐकली, तर मी पारोळ्याला जाईन आणि तू बस फ्रेमच्या दांड्या वाजवत.”

मामा भिंतीकडे बघायला लागला. दुपारी सुकलालनं करवत लावली.

सव्वीस जानेवारीला मामा हिरव्या फ्रेमवर शर्यतीला उभा राहिला. दांडी काळी, बाकी हिरवी. सुटताना मी त्याला फक्त एकच विचारलं, “कशी वाटते?” तो म्हणाला, “पुढून जड.” आणि गेला.

पुढचं मला शर्यतीच्या जीपमधून दिसलं. बारडोलीला वळताना मामा पहिल्या चौघांत होता. उसाच्या बैलगाड्यांतून वाट काढत परत येताना पहिल्या दोघांत. कडोदऱ्याच्या चौफुलीवर रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता आणि वाल्मिक हातात लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन धावत पुढे आला. “दाजी! दाजी, घ्या!” मामाची स्वतःची बाटली केव्हाच संपली होती. त्यानं वाल्मिककडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मान फिरवली आणि पायडल जोरात मारलं. निव्वळ रागानं तो मैलभर पहिला राहिला. मग पोटऱ्यांत गोळे आले. उधन्यात तो तिसरा आला, उतरला आणि रस्त्यावरच आडवा झाला.

चालता येत नव्हतं. सायकल चालवायचा प्रश्नच नव्हता. कोण नेणार? टेम्पो मागून आलाच. वाल्मिकनं फ्रेम उचलली, टेम्पोत गोधडी नव्हती म्हणून स्वतःचं जाकीट काढून खाली घातलं, आणि मामाला पुढच्या सीटवर बसवलं. मी मध्ये.

उधन्याची रेल्वेची फाटकं लागलेली होती. फाटकाशी थांबल्यावर मामा फुटला.

“पाणी घेऊन काय उभा होतास? आधी छन्नी मारायची आणि मग सरबत पाजायचं!”

“घेतलं असतं तर पहिला आला असतात! कुणी सांगितलं होतं मान फिरवायला?”

“नाव घालायचंच होतं तर खाली, पायडलच्या डब्यावर घालायचं होतं! तिथं लोखंड जाड असतं! तिथं तुझ्या सात पिढ्यांची नावं मावली असती!”

गाडी धडधडत गेली. वाल्मिकनं इंजिन चालू केलं नाही.

“दाजी,” तो म्हणाला, “गोधडी सांगितलीत, दोर सांगितलात, खड्डे सांगितलेत. हे कुठं सांगितलं होतं?”

 फाटक उघडलं. मागचे रिक्षावाले हॉर्न मारायला लागले, तेव्हा मामा खिडकीतून डोकं काढून त्यांच्यावर ओरडला, इतका की पोटरीत पुन्हा गोळा आला. वाल्मिकनं स्टेअरिंग सोडलं, माझ्या मांडीवरून वाकून त्याचा पाय ओढून धरला आणि बोटं मागे वाकवली.

“हळू, गाढवा!” मामा किंचाळला. “हळू!”

वाल्मिकनं पाय सोडला नाही.