पॉइंट्समनच्या बैठका

याकोबानं दोन्ही हातांनी लिव्हर ओढला, पण सिग्नलचा हात अर्ध्यावरच लटकला. बाहेर गाडी शिट्ट्या मारत उभी. मी नगरला जायला बेलापूर स्टेशनवर आलो होतो, तो हा तमाशा बघत बसलो. तिसऱ्या ओढीला कुठे हात पुरता खाली पडला.

याकोब तिथला पॉइंट्समन, सिग्नल पाडणारा आणि रुळांचे सांधे बदलणारा. वय पंचेचाळीस. लिव्हर म्हणजे कमरेच्या वर येणारा लोखंडी दांडा. तो ओढला की लांबवर गेलेली तार ताणली जाते, सिग्नलचा हात खाली पडतो आणि गाडीला वाट मिळते. एका दमात ओढावा लागतो. याकोबाला मलेरिया झाला होता. ताप गेला तो अंगातला जोर घेऊनच.

स्टेशन मास्तर वैतागलेच होते. दोन-अडीच महिन्यांत इन्स्पेक्टर येणार, त्याच्यासमोर असं झालं तर याकोबाची बदली लांबच्या फाटकावर, असं त्यांनी तिथेच सुनावलं. याकोबाची बायको मार्थाबाई गावात शाळामास्तरीण. म्हणजे घर मोडणार. तो मान खाली घालून दिव्याची काच पुसत राहिला.

मी तालमीचा वस्ताद, शिवाय शाळेत ड्रिल मास्तर. मला मात्र भलतंच कुतूहल वाटलं. सोळा वर्षांची पोरं घडवली होती. पंचेचाळिशीचा गडी घडतो का, हे कधी करून पाहिलं नव्हतं. मी त्याला उद्यापासून तालमीत ये म्हणालो.

आमच्या तालमीच्या भिंतीवर माझ्या वस्तादांनी कोळशानं एक नियम लिहिला होता: 'खंड पडला की पहिल्यापासून.' पहिल्या दिवशी पाच जोर, पाच बैठका. रोज एक वाढवायचा. जोर म्हणजे हात जमिनीला टेकून छाती खाली-वर करायची, बैठका म्हणजे उठाबशा. एक दिवस चुकला की आकडा परत पाचावर. या नियमानं मी पोरं सुतासारखी सरळ केली होती.

याकोब पहाटे यायचा. पाच, सहा, सात करत अकरावर पोचला आणि आठवडाभर गायब. परत आला, मी पाचावर आणला. पुन्हा अकरा, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा पाच काढताना शेजारचे गडी गालात हसले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

महिना उलटून गेलेला. दुसरा कुणी असता तर मी म्हणालो असतो, मरू दे, आळशी आहे. पण हा माणूस दिव्याच्या काचेवर बोटाचा ठसा राहू देत नव्हता. आळशी कसा? मला चैन पडेना. एका दुपारी उठलो आणि स्टेशन गाठलं.

तो लिव्हरपाशी बसला होता. मला बघून ओशाळला. मी त्याला न येण्याचं कारण विचारलं.

"वस्ताद, एक आठवडा दिवसाची ड्युटी, एक आठवडा रात्रीची," तो म्हणाला. "रातच्याला असलो की तुमची तालीम उघडती तवा मी हितंच असतो. सुटका न्हाई."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"भिंतीवर लिवलंय ना. नियम तो नियम." जरा थांबून म्हणाला, "पन एक इचारू? मानसाची गाडी चुकली तर तो दुसरीची वाट बघतो. घरी जाऊन पुन्हा जल्मापासून न्हाई सुरवात करत."

वीस वर्षं वस्तादगिरी केली आणि ही साधी गोष्ट एका पॉइंट्समननं सांगावी! चूक त्याची नव्हती, माझी होती. पोरांना दुसरं काम नसतं, म्हणून त्यांना हा नियम चालतो. पोटापाण्याला लागलेल्या माणसाचा खंड पडणारच.

मी तिथेच बसून दोन गाड्या जाऊ दिल्या. महायुद्धाचे दिवस, गाड्या वाढल्या होत्या. ड्युटी कुठलीही असो, गाडी यायचीच. मी म्हणालो, तालमीचं घड्याळ विसर. गाडी गेली, सिग्नल जागेवर आला, की तिथेच पाच बैठका. जमलं तर आठ. चुकली गाडी तर चुकली, पुढच्या गाडीला पुढे चालू. शिवाय घरच्या विहिरीच्या चाकावरून वाळूचं पोतं ओढायचं, तेही पाय रोवून. लिव्हर हातांनी नाही, मांड्यांनी ओढतात. याकोब इतकी वर्षं हातांनी ओढत होता.

स्टेशन मास्तरांनी आधी कपाळाला हात लावला. मार्थाबाईंनी मात्र चुलीशेजारच्या भिंतीवर पोत्याच्या ओढींच्या रेघा मारायला घेतल्या. एखाद्या दिवशी रेघ नसे. मी विचारलं की म्हणत, आज आहे ना, मग झालं.

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. गाडीची वेळ झाली. याकोबानं पाय रोवले, कंबर खाली घेतली आणि एका दमात दांडा मागे आणला. सिग्नल खाडकन पडला. इन्स्पेक्टर नुसता पुढच्या लिव्हरकडे वळला.

गाडी गेली. याकोबानं सिग्नल जागेवर आणला आणि सवयीनं, साहेबाच्या पुढ्यातच, बैठका सुरू केल्या. एक, दोन, तीन. माझा जीव टांगणीला लागला. साहेबानं भुवया उंचावून हे काय म्हणून विचारलं.

स्टेशन मास्तर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, ड्युटीचाच भाग आहे."

बदली टळली. मी तालमीत आलो आणि भिंतीवरच्या त्या ओळीवर चुना फासला. जुने गडी चिडले, वस्तादांचं अक्षर पुसलं म्हणाले. मलाही वाईट वाटलं. पण चुना वाळल्यावर तिथे मी माझ्या हातानं लिहिलं: 'काल चुकलात? आज या.'

याकोब रिटायर होईपर्यंत गाडीगणिक बैठका काढत होता. गाडी लेट असली की बैठकाही लेट.