हुरडा, शाल आणि अप्पांचा उजवा कान

आमच्या घराण्यातून राष्ट्रीय पातळीवर पोचलेला माणूस आजवर एकच, आणि तो मी आहे. पाच मिनिटांपुरता, हिंदीतून, हुरड्यावर!

देशभर ऐकू जाणारं एक रेडिओ केंद्र आहे. त्यावर दिवसभर नुसतं बोलणं. गाणं औषधालाही नाही. तिथे गावोगावच्या खाण्याबद्दल बोलणारी माणसं हवी होती. मी उदगीरचा शाळामास्तर, बोलण्याची खोड जुनी. हुरड्यावर लिहून धाडलं, बोलावणं आलं, ध्वनिमुद्रणही झालं! मग निरोप आला: प्रसारण गुरुवारी, ‘दिवसभरातल्या कार्यक्रमांत केव्हातरी’. त्या ‘केव्हातरी’ने आमचा अख्खा गुरुवार खाल्ला.

खरं सांगतो, मला देशाची फारशी फिकीर नव्हती. ऐकायला हवे होते ते अप्पा, माझे वडील. सुतळी-दोरखंडाच्या दुकानात बसून त्यांनी उभा जन्म रेडिओ ऐकला, पण मला कधी “बरं बोललास” म्हटलं नाही. “पोरं तुझं ऐकत्यात, कारण वर्गाचं दार बंद असतंय,” हे त्यांचं ठाम मत. ते एकदा तरी बदलावं, एवढीच माझी हौस होती.

गुरुवारी मी रजा टाकली. अप्पा सकाळीच दुकानात जाऊन बसले. डावा कान कामातून गेलेला, म्हणून उजवा रेडिओला चिकटवून.

“अप्पा, चहा घेता?”

“गप! संस्कृतात बातम्या लागल्यात.”

“तुम्हाला कळायलंय का?”

“न्हाई. पण मधीच तू लागलास तर?”

संस्कृतानंतर नारळावरच्या किडीची माहिती झाली. (आमच्याकडे नारळ फक्त देवाला आणि सत्काराला!) मग गुडघ्यांचे डॉक्टर आले. त्यांच्या हुकमावरून अप्पा, मी आणि विहिरीसाठी दोर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, असे तिघे दुकानाच्या पायरीवर रांगेत एकेक पाय उचलून उभे राहिलो. गिऱ्हाईक गुडघे सुधारून गेलं, दोर राहिला. दुपारी एका अर्थतज्ज्ञाशी अप्पांनी मोठमोठ्याने वाद घातला. तो उलट बोलेना, तेव्हा अप्पांनी स्वतःला विजयी घोषित केलं. माझी बायको सुनंदा डबा घेऊन आली, ती रेडिओवरच्या नाटकातली सासू पाहता पाहता (म्हणजे ऐकता ऐकता) तिथेच पोत्यावर बसली. मी मात्र अजून लागलो नव्हतो.

चारच्या सुमारास सगळी गल्ली लोटली. पुढे शेजारचे ख्वाजाभाई टेलर, हातात शाल.

“सर, उदगीरचं नाव दिल्लीत चाललंय! सत्कार तर होनारच. नक्को म्हनू नका!”

मी “नको, नको” म्हणालो, पण दोनदाच. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर लोकांना खरं वाटायची भीती होती. लगेच हार आला, नारळ आला आणि बोलायला उभे राहिले निवृत्त मुख्याध्यापक बिराजदार गुरुजी. त्यांनी रेडिओकडे पाहिलं.

“रेडिओ जरा बारीक करा. सत्कारमूर्तींबद्दल दोनच शब्द बोलतो.”

वडीलधाऱ्या माणसाच्या भाषणात रेडिओ चालू ठेवणं आमच्याकडे शोभत नाही. अप्पांनी आवाज बारीक केला, रेडिओ मांडीवर घेतला, त्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

“म्हातारं झोपलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी निजामापासून सुरुवात केली. माझा जन्म व्हायलाच बराच वेळ लागला. मी मान खाली घालून, गळ्यात हार, अंगावर शाल, अगदी नम्रपणे स्तुती पीत होतो. “ज्यांचा आवाज ऐकण्यासाठी आपण सारे आतुर आहोत...” गुरुजी सांगत होते, आणि तिकडे अप्पांच्या मांडीवर कुणीतरी पुटपुटत होतं. माझ्या मनात आलंही, बिचारा! याचं कोण ऐकतंय?

तेवढ्यात गुरुजी पाणी प्यायला थांबले आणि त्या शांततेत रेडिओ स्पष्ट म्हणाला, “अभी आप सुन रहे थे उदगीर से बसवराजजी को.”

सगळी गल्ली रेडिओकडे वळली.

“या अल्ला!” ख्वाजाभाई म्हणाले. “ते सर होते?”

“घाबरू नका,” सुनंदा म्हणाली, “मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय की!”

लावलं. गुरुजींचं भाषण खणखणीत, शब्दन्‌शब्द स्वच्छ! त्याच्याखाली कुठेतरी डास गुणगुणावा तसा मी. गुरुजींनी स्वतःला पहिल्यापासून ऐकलं आणि समाधानाने मान डोलावली. मी हार काढून ठेवला. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेव्हा अप्पांनी डोळे उघडले आणि उजवा कान रेडिओवरून उचलला.

“बश्या, कोवळं कणीस, गोवऱ्यांची आगटी, लसणाची चटणी... लई तोंडाला पाणी सुटलं बघ.” मग गुरुजींकडे तिरकं पाहत मला म्हणाले, “बरं बोललास. आन् लवकर आटपलंस!”

मी शालीसकट त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. इतका अभिमान मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटला नव्हता.

आता दुकानात आलेल्या प्रत्येकाला दोराआधी माझं भाषण मिळतं. पाच मिनिटांचं भाषण अप्पांच्या तोंडून अर्ध्या तासावर गेलंय आणि शेवटी दिल्लीची माणसं उठून टाळ्याही वाजवतात. मी शेजारी उभा राहून लक्ष देऊन ऐकतो. काय करणार? देशाने ऐकलं, अप्पांनी ऐकलं. राहिला तो एकटा सत्कारमूर्ती, कारण तो सत्कार करून घेत होता!