फेरीतला कडू घास

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले… तुम्ही या." पुढचे दिवस नुसत्या धावपळीत गेले. डॉक्टरांचा दाखला, शववाहिका, नातेवाइकांना फोन, दहाव्याच्या गुरुजींशी बोलणं, सगळं माझ्याकडे आलं. घरच्यांना काही सुचत नव्हतं आणि मी जवळचा. येणारा प्रत्येक जण वहिनींपाशी बसायचा, मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचा. मला विचारायचे ते गाडी कुठं लावायची. तक्रार नाही, रीतच तशी आहे. मित्राला सुतक नसतं. पण उभी हयात कचेरीत शेजारच्या टेबलावर काढलेला माणूस गेला आणि मला रडायला जागाच सापडेना, हेही खरं.

शरदला चालायचं वेड आणि मला बसायचं. तरी दर हिवाळ्यात, भातं कापून झाली की तो मला इगतपुरीच्या बाजूला ओढून न्यायचाच. फाट्यावर एसटीतून उतरायचं, नदीच्या घळीत शिरायचं, पात्रातल्या धोंड्यांवरून तोल सावरत वर सरकायचं, मग कडा चढून काळ्या दगडाच्या घरांच्या दोन वाड्या करत पुन्हा त्याच फाट्यावर यायचं. जिथं पोचायचं तिथंच आत्ता उभे आहोत, तर मग चालायचं कशाला, असं मी दर वर्षी विचारायचो. "तू बस इथं एसटी मोजत, मी येतो फिरून," म्हणत तो उतरायला लागायचा आणि मी कुरकुरत मागे. थोड्याच वेळात मात्र मी पुढे असायचो. एवढं वेड, पण चाल गोगलगायीची! खडकातल्या रांजणखळग्यात अडकलेले मासे बघ, चुन्याशिवाय रचलेली भिंत हलवून बघ, कुणाच्या खळ्यावर उकिडवा बसून भाताच्या वाणांची चौकशी कर… मी वरून हाका मारायचो. "अरे, दरी कुठं पळून चाललीय?" एवढंच उत्तर यायचं. संतापायचो मी. आता वाटतं, त्या संतापातच माझं सुख होतं.

यंदा जायचं नव्हतंच. पण एका रविवारी उठलो आणि अंगातला थकवा झोपून जाणारा नाही हे कळलं. बायकोला म्हटलं, जरा फिरून येतो. घळीत ऊन उतरलं नव्हतं, धोंडे दवाने निसरडे होते, गुडघे बोलत होते. कशाला आलो, असं पावलोपावली वाटत होतं. मागे वळून थांबायची सवय होती, तेवढ्यासाठी दोनदा थांबलो आणि मग स्वतःचाच राग आला. परत फिरावं म्हटलं, तर मागेही तेवढंच अंतर होतं.

पहिल्या वाडीत हौसामावशींच्या ओसरीवर आमचा चहा ठरलेला. त्या नागली पाखडत होत्या.

"आज एकटेच? ते भाऊ मागं राहिले का?"

हा प्रश्न येणार हे मला घळीपासून ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं. "शरद गेला, मावशी. महिना होऊन गेला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला घास दिला का कोणी?"

मला कळेना.

"कडू घास वो. ज्याचं माणूस जातं, त्याच्या घरी चूल नाय पेटत. दुसऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, खाऊ घालायचं."

"त्याच्या घरी नेलं होतं की. मीच नेलं."

"त्यांचं नाय इचारत. तुम्हाला कोणी दिला?"

"मी मित्र, मावशी. मला कुठलं सुतक?"

"सुतक नसंल. माणूस तर गेलं ना तुमचं?" असं म्हणून त्या आत गेल्या. चुलीचा धूर ओसरीवर आला. मी नको नको म्हणत होतो, पण उठलो नाही. पिठलं आलं, नागलीची भाकरी आली. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. पन्नाशी कधीच उलटलेल्या माझ्यासारख्या बाप्याला कुणी भरवतंय याची लाज वाटायला हवी होती… वाटली नाही. घास तोंडातच राहिला आणि मी रडायला लागलो, चांगला मोठ्याने. मावशींनी समजूत घातली नाही. पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

शरदच्या घरी आता त्याच्या फोटोला हार आहे. तिथं गेलं की मी पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसतो. तो मला भेटतो तो त्या ओसरीवर.

त्या दिवशी राहिलेली फेरी पूर्ण करून संध्याकाळी घरी पोचलो. बायको पानं मांडत होती. मला वाढू नको म्हटलं, तशी तिने चेहऱ्याकडे पाहिलं.

"कुठं जेवलात?"

"शरदचं जेवून आलो," मी म्हणालो. तिने माझं पान उचललं.