परसरामची त्रायमाण

परसरामच्या बोलण्यावर गावात कुणी विश्वास ठेवत नसे, अन् त्यात गावाचा तसा दोषही नव्हता. बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातल्या, मरळ मासोळीनं आपली चप्पल गिळली, हे काय कुणी मानायचं? बरं, गिळली तर गिळली. पण पुढच्या उन्हाळ्यात बोडी आटली, तीच मासोळी हाती लागली अन् पोटातून चप्पल निघाली, असंही तो वर सांगे. वरठी टेशनापासून तीन कोसांवरच्या त्या गावात रेडिओवरचा पावसाचा अंदाज चुकला तरी लोक म्हणत, "परसराम सांगते!"

परसरामला ते फार लागे. साठी उलटली, पोरी उजवल्या, धान पिकवून पाठ वाकली. आता मरायच्या आधी गावानं एकदा म्हणावं, परसराम खरं बोलला. बस, एवढंच हवं होतं त्याला.

बायकोला, धुरपताला घेऊन तो यात्रेच्या बसनं बद्रीनाथला गेला, तेव्हा वाटेत एका रोपवाटिकेत त्याला निळी फुलं दिसली. रोपवाला म्हणाला, ही त्रायमाण. थंड डोंगरातली. फूल तुतारीवाणी, अन् मूळ जित्तं असलं की वर्षानुवर्षं फुटते. गावात येऊन परसरामनं फुलाचं वर्णन केलं अन् गाव पोट धरून हसलं. पण या खेपेला त्याच्यापाशी पिशवीत चार पानांचं रोप होतं.

आता भंडाऱ्याचा उन्हाळा काय चीज आहे, ते इथल्या म्हशीला विचारा. परसरामनं फ्रिजातलं दूध-दही बाहेर काढलं अन् कुंडी आत ठेवली. सकाळचं दोन तास ऊन, मग दिवसभर फ्रिज.

"अन् दही कुठं ठेवू जी?" धुरपतानं विचारलं.

"दही आंबट झालं तं चालते. हे कोमेजून नाही चालत."

"मंग मले बी ठेवा फ्रिजात. मी बी कोमेजूनच राहिली!"

हिवाळ्यात पानं वाळली. कुंडीत नुसती माती उरली, तरी हा बाबा दोन महिने तिला पाणी घालत होता. लोक वाट वाकडी करून विचारायला येत, "काय गा परसराम, माती केवढी वाढली?" फागुनात त्या मातीतून हिरवा झुपका वर आला, तेव्हा विचारणारे जरा कमी झाले. असे दोन उन्हाळे फ्रिजात गेले, अन् दसऱ्याच्या सुमाराला फूल उमललं. निळंशार. परसराम अंगणात उभ्या उभ्या रडला, लाजबीज काही बाळगली नाही.

माजी सरपंच भुपेंद्र कुंडीभोवती फिरला. "नीळ घातली असन पाण्यात," म्हणाला, अन् परसरामला उघडं पाडायला त्यानंच भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मेघा मॅडमना फोन लावला, चारचौघांत, स्पीकरवर. मॅडम म्हणाल्या, इतक्या गरमीत ते झाड जगणं शक्यच नाही. तरी खूण सांगते: दांड्यावर पानं समोरासमोर, देठ नाही, बुडाशी एकमेकांना जुळलेली. पाच पाकळ्या, दोन पाकळ्यांच्या मधे बारीक चुणी. अन् सगळं झाड कडू, मूळ तर फारच. रविवारी येते बघायला.

पानं समोरासमोर होती, चुण्या होत्या. पण डोळ्यांवर कोण भरोसा ठेवतो? भुपेंद्र म्हणाला, "चाखल्याबिगर आपून मानत नाही." परसरामनं एक पान खुडून दिलं. भुपेंद्रनं चावलं, तोंड वाकडं केलं, थुंकला.

"खरं हाये बे. परसराम खरं बोलला!"

अगा बाप्पा! परसरामच्या अंगावर काटा आला. मग काय विचारता! शकुनबाई आली, तिला पान. अंकुश आला, त्याला पान. जो चावे तो थुंके अन् म्हणे, परसराम खरं बोलला.

"झाड खतम करून राहिले तुमी!" धुरपता ओरडली.

"मुळातून फुटते ते. तू चूप राय."

शुक्रवारी चुण्या मोजता मोजता फूलही गेलं. शनिवारी भुपेंद्र आपल्या साळ्याला घेऊन आला, चिखल्याच्या खाणीतला माणूस. साळा म्हणाला, मॅडम मूळ म्हणाल्या ना? मग मूळ दाखवा. परसरामनं कुंडी जरा मागं ओढली. पण परक्या तालुक्यातला माणूस! त्यानं मूळ उपटलं, तुकडे केले अन् वाटले.

रविवारी मॅडम आल्या. कुंडीत माती. अख्खं गाव एका तोंडानं सांगू लागलं, होतं मॅडम, निळं होतं! फ्रिजात ठेवत होते! आमी सगळ्यांनी खाल्लं! मोबाईलमधले फोटो पुढं झाले, तर मॅडम म्हणाल्या, असे फोटो ढिगानं मिळतात. त्यांच्या ओठांवरचं हसू परसराम ओळखून होता. जन्मभर त्यानं ते झेललं होतं, अन् आज पहिल्यांदा ते गावाच्या वाट्याला आलं होतं.

"काका, तुम्ही तरी खरं सांगा. होतं का झाड?"

'होतं' हा शब्द त्याच्या जिभेवर आला. त्यानं भुपेंद्रकडं पाहिलं, सगळ्या कडू तोंडांकडं पाहिलं.

"कुठचं झाड, मॅडम? आमचं गावच थापाडं हाये. मनावर नका घेऊ."

गाव आ वासून उभं राहिलं.

"वाटलंच मला," मॅडम म्हणाल्या. "या गावात खरं बोलणारे एक तुम्हीच दिसता." त्यांनी त्याला हात जोडले अन् त्या गाडीत बसल्या.

धुरपता नवऱ्यापाशी आली.

"चाळीस वर्स झाले लग्नाले," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा तुमी खोटं बोलले."