युद्धाचे सिनेमे आणि धुळ्याचा प्रकाश

फिल्म क्लब चालवायला घेतला की पडद्यावर घडतं त्याच्या दुप्पट खुर्च्यांमध्ये घडतं. आमच्याकडे तर खुर्च्याही नाहीत, क्लासचे बाक आहेत. तरी गेल्या वर्षभरात इतके किस्से साठलेत की बायको म्हणते, "सिनेमे दाखवायचं सोडा आणि किस्सेच सांगा. निदान लोक तरी येतील!"

तर आधी थोडी ओळख. मी जळगावचा, पाटबंधारे खात्यात नोकरीला. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये आम्ही बाक मागे सरकवतो, फळ्यावर पांढरी चादर लावतो आणि जगभरातले सिनेमे बघतो. मला मदत करतात आमचे चौधरी. त्यांचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे प्रोजेक्टर, लॅपटॉप, वायरी हे सगळं खातं त्यांच्याकडे.

आणि तिकडे धुळ्याला प्रकाशचा क्लब आहे. प्रकाश माझा कॉलेजातला मित्र. मित्र म्हणजे काय, परीक्षेत माझ्या मागे बसून माझ्यापेक्षा जास्त मार्क काढणारा!

त्याच्या क्लबला एसी हॉल आहे. गुबगुबीत खुर्च्या आहेत. आणि सिनेमा संपल्यावर धुळ्याचे लोक चर्चेला थांबतात. आमचे लोक चपला शोधतात.

*

युद्धात मुलांचं बालपण कसं चिरडलं जातं, यावरचे काव्यात्म सिनेमे ओळीने दाखवायचे, ही कल्पना माझी. अगदी शंभर टक्के माझी! एका लग्नात पंगतीला बसलो असताना मी ती प्रकाशला सांगितली. त्याने जिलेबी तोंडात टाकली आणि म्हणाला, "जरा जड होईल रे लोकांना."

पुढच्याच महिन्यात धुळ्यात बॅनर लागला. 'युद्ध आणि बालपण'. खाली कमळासारखे हात जोडलेला प्रकाशचा फोटो.

मी फोन केला. म्हटलं, "प्रकाश, ही कल्पना माझी होती."

तो म्हणाला, "अरे, कल्पना काय कुणाच्या सातबाऱ्यावर असते का?"

*

मग मीही इरेला पेटलो आणि जळगावात तीच मालिका लावली.

पहिला सिनेमा कृष्णधवल. बाँबने निम्मं गाव पडलंय आणि एक सात-आठ वर्षांचा मुलगा ढिगाऱ्यावर बसून आपल्याकडे बघतोय. नुसता बघतोय. संगीत नाही, संवाद नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

चौधरी उठले. लॅपटॉपपाशी गेले. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. वायर काढून फुंकर मारली. मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, हँग झालं!"

मी खुणेने सांगतोय की नाही, शॉटच तसा आहे. चौधरींना पटेना. ते थेट पडद्याजवळ गेले आणि त्या मुलाच्या तोंडासमोर तोंड नेऊन उभे राहिले.

आणि ओरडले, "डोळे मिचकावले! डोळे मिचकावले! चालू आहे, चालू आहे!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या क्लबच्या इतिहासातल्या पहिल्या टाळ्या, त्याही चौधरींना!

संध्याकाळी प्रकाशला विचारलं, तुमच्याकडे हा शॉट कसा गेला? तो म्हणाला, "काय सांगू! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

त्याच्या गुबगुबीत खुर्च्यांवर टाचण्या पडाव्यात आणि सगळ्यांनी ओरडत उठावं, असं मला फार वाटलं.

*

प्रकाशची बातमी पेपरात फोटोसकट आली. मी म्हटलं, आपणही द्यावी. एका पेपरच्या ऑफिसात जाऊन कागद दिला. सकाळी पेपर उघडला तर मथळा, 'जळगावात आज बालचित्रपट महोत्सव'.

बालपणावरचा सिनेमा म्हणजे बालचित्रपटच, असं त्या बिचाऱ्या पेपरवाल्याला वाटलं असणार!

दुपारी हॉल ओसंडून वाहत होता. आया, पोरं, कुरकुऱ्यांची पाकिटं, वॉटरबॅगा. एका मुलाचा तर वाढदिवस होता, तो टोपी घालून आला होता. मला कळेना, हसू की रडू. कारण सिनेमात पहिल्या पंधरा मिनिटांत शाळेवर बाँब पडतो.

चौधरी म्हणाले, "सर, कार्टून लावू?"

लावायला हवं होतं. पण गर्दी बघून माझं डोकं फिरलं होतं. मनात एकच, प्रकाशला फोटो पाठवायचा. मी म्हटलं, "सुरुवात चांगली आहे. लहान मुलगा आहे, शेळी आहे. तेवढी दाखवू."

मुलगा आला, शेळी आली. पोरं खूश. मग विमानं आली आणि मुलगा धावत सुटला. मी चौधरींना खूण केली, त्यांनी बंद करेपर्यंत एक घर कोसळलंच.

पुढच्या बाकावर एक फ्रॉकातली मुलगी होती. तिने मला विचारलं, "काका, तो मुलगा घरी कधी जाणार?"

मी म्हटलं, "जाईल ना आता."

ती म्हणाली, "पण घर तर आत्ताच पडलं."

मग चौधरींनी कार्टून लावलं. ती मुलगी मात्र चादरीकडे न बघता माझ्याकडेच बघत बसली.

गर्दीचा फोटो मी प्रकाशला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. आवाजात पहिल्यांदाच थोडी खंत होती. "एवढी माणसं आमच्याकडेही येत नाहीत रे! केलंस तरी काय?"

खरं तर त्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली होती. पण मी "नंतर बोलू" म्हटलं आणि फोन ठेवला.

*

धुळ्यात सिनेमानंतर चहा-बिस्किटं देतात, असं कळलं. मी म्हटलं, बिस्किटं? आपण जळगावचे! आपण भरीत देऊ!

थंडीचे दिवस होते. चौधरी वहिनींनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या ठेचल्या, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच हॉलभर वास. लोक पडद्याकडे कमी आणि मागच्या पातेल्याकडे जास्त बघत होते.

त्या सिनेमात एक मुलगी असते. तिच्या गावाला सैन्याचा वेढा पडलेला असतो. घरात काही उरलेलं नसतं. ती पिठाची रिकामी गोणी उलटी करते, आतली शिवण उसवते आणि शिवणीत अडकलेलं पीठ बोटाने काढून धाकट्या भावाच्या जिभेवर ठेवते. बस, एवढंच. कॅमेरा त्या बोटावर.

दिवे लागले. वहिनींनी पातेल्याचं झाकण काढलं. कोणी उठेना. मग एकेकाने पुढे होऊन प्लेट घेतली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला.

चौधरी म्हणाले, "अरे खा की! अन्न आहे ते."

लोकांनी दोन-दोन घास खाल्ले आणि निघून गेले.

प्रकाशला मी हे सांगितलं नाही. तो विश्वासच ठेवणार नाही. जळगावात भरीत उरलं!

*

आता आबांबद्दल. आबा म्हणजे निवृत्त सुभेदार. एरंडोलजवळच्या खेड्यातले, आता मुलाकडे जळगावात राहतात. आल्यावर सगळ्यांना 'जय भीम' म्हणणार, शेवटच्या बाकावर ताठ बसणार, सिनेमा संपेपर्यंत पाठ टेकणार नाहीत. प्रत्यक्ष सीमेवर लढलेला माणूस! धुळ्याकडे असा माणूस नाही, याचा मला केवढा आनंद!

पण आबा बोलायचेच नाहीत. "आबा, कसा वाटला?" विचारलं की, "छान." एवढंच. लाखभर मेले तरी छान आणि एक मेला तरी छान!

एकदा पडद्यावर तोफांचा भडिमार चालला होता. मी अंधारातून वाकत वाकत त्यांच्याजवळ गेलो आणि कानात विचारलं, "आबा, खराच आवाज असा असतो का हो?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "आवाज कमी करा," म्हणाले. "शेजारच्या घरात बाळ झोपलंय."

*

आणि मग एक दिवस प्रकाशचा व्हॉइस मेसेज आला. "काय सांगू तुला! आज आमच्या एक ताई बोलल्या. लॅबमध्ये काम करतात, कधी बोलत नव्हत्या. वडील फौजेत होते. स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलल्या आणि हॉल सुन्न! माणसं रडली रे!"

काय बोलल्या, ते मी विचारलं नाही. मुद्दामच! आमचा हुकमाचा पत्ता 'छान' म्हणून गप्प आणि याच्या क्लबात लॅबवाल्या ताई बोलतात आणि हॉल रडतो. म्हणजे रडणारेसुद्धा सगळे धुळ्यालाच!

*

मालिकेचा शेवटचा सिनेमा दोन्ही क्लबांनी मिळून दाखवायचा ठरला. जागा पारोळा, म्हणजे दोघांच्या मध्यावर, भांडण नको. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रकाशने बॅनर लावूनही टाकला होता. वर मोठ्या अक्षरांत 'धुळे', खाली बारीक 'जळगाव'.

मी म्हटलं, "हे काय?"

"वर्णानुक्रम," प्रकाश म्हणाला.

"अरे, ज आधी येतो की ध?"

"बॅनर छापून झालाय आता," तो म्हणाला.

सिनेमा असा. बाप युद्धावर मरतो. घरी फक्त त्याचे बूट येतात. पोरगा ते घालून बर्फातून लाकडं आणायला जातो. बूट एवढे मोठे की पाऊल पुढे जातं, बूट मागे राहतो. संपूर्ण सिनेमाभर कॅमेरा बहुतेक त्या बुटांवरच. हिवाळा जातो, येतो. आणि शेवटच्या शॉटमध्ये बूट त्याच्या पायाला बरोब्बर बसलेले असतात.

दिवे लागले. प्रकाश उठला आणि बोलू लागला. प्रतिमा, अवकाश, मौन. छान बोलतो, काय करणार! त्याचं संपल्यावर मी उभा राहिलो आणि माझा पत्ता टाकला. "मित्रहो, आमच्या क्लबात प्रत्यक्ष युद्ध पाहिलेले सुभेदार आहेत. आबा, आज बोलावंच लागेल. खरं होतं का हे?"

आबा उभे राहिले. मग म्हणाले, "त्या पोराचा बाप आला नाही. मी आलो. मी काय बोलू?"

आणि खाली बसले. मी मनात म्हटलं, गेला पत्ता वाया!

प्रकाशने संधी साधली. "आमच्या संघमित्राताई बोलतील."

धुळ्याच्या रांगेतून पस्तिशीच्या आसपासच्या एक ताई उठल्या. त्या प्रकाशकडे बघत नव्हत्या, पडद्याकडेही नाही. आमच्या शेवटच्या रांगेकडे बघत होत्या.

"मागे मी धुळ्यात बोलले, तेव्हा वडील समोर नव्हते," त्या म्हणाल्या. "आज आहेत. आत्ता बसले ना, ते माझे वडील."

सगळा हॉल वळला. प्रकाशही वळला. आमचे आबा!

त्या सांगू लागल्या. "आबा सीमेवर होते तेव्हा मी आठ वर्षांची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. आईला बातम्या ऐकवायच्या नाहीत आणि ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही. मग ती मला गल्लीच्या टोकाला सरपंचांकडे पाठवायची. मी बातम्या ऐकायची आणि घरी येऊन तिला सांगायची. ज्या दिवशी वाईट असायचं त्या दिवशी वाटेत थांबून ठरवायची, आईला काय सांगायचं. लहान भाऊ खेळायला बोलवायचा. पण माझं खेळणं तेव्हा संपलं ते संपलंच. आबा आले तेव्हा सगळे नाचले. मी नाही. मला वाटलं, हेही कुणीतरी ठरवून सांगतंय."

आबा उभे होते. कधी उठले ते मला कळलंही नाही.

"सरपंचना घर?" आबांनी विचारलं. आता ते आमच्याशी बोलतात तसे बोलत नव्हते, घरच्या बोलीत बोलत होते. "रातना बातम्या? अंधारामा?"

"हा आबा. अंधारामा."

"तठे कुत्रा व्हतात."

"मना हातमा दगड ऱ्हाये."

"माले कोनी सांगं नही," आबा म्हणाले.

"तुमले काय सांगनं," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चर्चा तिथेच संपली. प्रकाशलाही आभार मानायचं सुचलं नाही. बाहेर चहा झाला. प्रकाश माझ्याशेजारी उभा होता, तोंड उतरलेलं. हळूच म्हणाला, "आबा तुमच्याकडे कधीपासून येतात रे?" मी म्हटलं, "पहिल्या सिनेमापासून." तो म्हणाला, "नशीबवान आहेस."

आयुष्यात पहिल्यांदा प्रकाशने माझा उघड हेवा केला! मी कप ठेवला, छाती थोडी पुढे काढली आणि आमच्या गाडीकडे गेलो. चौधरी माणसं मोजत होते.

"सर, आबा कुठायत?"

समोर धुळ्याची गाडी सुरू होऊन उभी होती. खिडकीत संघमित्राताई आणि त्यांच्या शेजारी, पाठ टेकून, आबा.

मी धावत गेलो आणि काचेवर टकटक केली. "आबा, अहो आबा! ही धुळ्याची गाडी आहे!"

आबांनी काच थोडी खाली केली.

"माले माहीत शे," म्हणाले.