अर्धी शिवी

आमच्या मळ्यावरच्या दवाखान्यात औषध देणारा माणूस रोग्याला आधी शिवी द्यायचा. तीही पाठीमागे उभं राहून, ओठांतल्या ओठांत. नव्या माणसाला वाटायचं, हा कसला कंपाउंडर, यालाच आधी कुणी तरी औषध द्या. पण समुद्रापारच्या या बेटावर, रांपारकडच्या उसाच्या मळ्यांवर ज्यांनी तापाची ती वर्षं काढली, त्यांना असा एखादा अर्धेमामा आठवत असेलच. आमच्या मामांची शिवी न खाल्लेला माणूस शोधून सापडायचा नाही.

त्याचं असं होतं. तापावर कोयनेल द्यायचे, ती कडूजहर पांढरी पूड. पोटात गेली की कान भुणभुणतात. जास्त झाली की ऐकू येईनासं होतं, डोकं गरगरतं, खाल्लेलं बाहेर पडतं. कमी झाली तर ताप हटत नाही. जास्तीत जास्त किती द्यायची ते डॉक्टरसाहेब घोड्यावरून येऊन सांगून जात; त्याच्या आत कुणाला किती, हे मामांवर सोडलेलं. मामा म्हणायचे, "पुरी शिवी ऐकू आली तर औषध कमी. काहीच नाही ऐकलं तर जास्त. अर्धी ऐकली की मात्रा बरोबर." म्हणून ते अर्धेमामा.

सरळ विचारत का नाही, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "अगो, कान वाजतात का विचारलं, की ऊस तोडायला जायला नको म्हणून सगळ्यांचेच वाजतात. शिवी मात्र कुणी फुकट सोडत नाय." खरंच होतं ते.

शिवीही ज्याची त्याला बेतलेली. भजनीबुवांना नुसतं "बेसूर" म्हटलं की पुरे. पिंपं बांधणाऱ्या, याच बेटावर जन्मलेल्या क्रेओल सुताराला त्याच्या भाषेत, आणि तीही त्याच्याच बायकोकडून शिकून घेतलेली. औषधाचंही तसंच. हणमंता गाडीवान म्हणजे बैलाऐवजी जुंपला तरी चाललं असतं, पण चिमटीभर पुडीनं त्याला भोवळ यायची. काटकुळी बायजा त्याच्या दुप्पट पचवून वर भांडायला मोकळी. "अंग बघून अंगरखा बेतावा, औषध नाय," मामा म्हणायचे. कुणाला पेज पाजून पूड द्यायचे, कुणाला एका वेळची दोन वेळांत वाटून. रिकाम्या पोटी मागणाऱ्याला हाकलून द्यायचे.

तापाच्या मोठ्या साली आमचे हे आणि सासूबाई एकदमच पडले. घरात दोन खाटा आणि उभी मी एकटी. पूड गुळाच्या गोळीत वळून मामा दोघांना आपल्या हातानं देऊन जायचे. ह्यांचा ताप उतरला, पण उठून बसले की भिंत धरायची वेळ. सासूबाईंचं अंग मात्र तव्यासारखं. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मामा आले आणि ह्यांच्या मागे जाऊन पुटपुटले, "बायकोच्या पदराआडचा वाघ." ह्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, चला, आजारपणानं का होईना, शहाणपण आलं. मामा आणखी जवळ गेले आणि ह्यांच्या वडिलांपर्यंत पोचले. तरी काही नाही. मग ते सासूबाईंच्या मागे गेले. "सुनेला उपाशी ठेवणारी." सासूबाई परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या, पण गर्रकन वळून त्यांनी मामांकडे असं पाहिलं, की मीच दोन पावलं मागे सरकले.

मामा खाली बसले. ह्यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. म्हणाले, "म्हातारीची गोळी लेकाच्या पोटात जातेय."

तसंच निघालं. सासूबाई गोळी गालात धरून ठेवायच्या आणि मामांची पाठ वळली की ह्यांच्या पेजेत कालवायच्या; औषधानं आधीच कडू झालेल्या ह्यांच्या तोंडाला ते कळायचं नाही. जन्मभर ताटातला चांगला घास लेकासाठी काढून ठेवला, तसाच हाही. पदराआडून म्हणाल्या, "मी म्हातारी आता किती जगायची? त्याला बरं वाटूदे." मला रागही आला आणि रडूही.

"अगो आये," मामा म्हणाले, "लाडू नाय तो."

ह्यांचं औषध त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. आणि सासूबाईंना फर्मान काढलं, "गोळी गिळायची आणि लगेच मला शिवी द्यायची." गालात काही असलं तर शिवी नीट उमटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी सासूबाईंच्या तोंडून मोठ्या मुश्किलीनं "मेल्या" निघालं. मामा म्हणाले, "ऐकू नाय आलं." मग मात्र त्या माउलीनं जन्मभर साठवलेलं सगळं बाहेर काढलं. शेजारपाजारचे ऐकायला दारात जमायला लागले. ताप गेला, आणि शिव्या राहिल्या त्या कायमच्याच. ह्यांचे कानही सुधारले. आता त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, पण तो दोष कोयनेलचा नाही.

पुढच्या हंगामात ताप परत आला. बंदरात बोट वेळेवर लागली नाही आणि कोयनेल तुटपुंजं झालं. मामा घोंगडी पांघरून दवाखान्यात बसायचे, विचारलं तर म्हणायचे, मी घेतोय की माझी गोळी. सासूबाई त्यांना पेज घेऊन गेल्या, मी बरोबर. दारातूनच, त्यांच्या पाठीमागून, त्या अगदी हळू पुटपुटल्या, "फुकटखाऊ, दीडशहाणा."

मामा हसत वळले. "पुरी ऐकली."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. पुढे झाल्या आणि कधी नव्हे तो परक्या पुरुषाच्या कपाळाला हात लावला. नुसती भट्टी होती.

"पुरी ऐकलीत ना? मग तुमची गोळी कुणाच्या पोटात गेली?"

मामांनी घोंगडी सावरली. कोपऱ्यातल्या खाटेवर हणमंताची मुलगी शांत झोपली होती. तिचा ताप उतरला होता.

"मी म्हातारा आता किती जगायचा..." मामा म्हणायला लागले.

"लाडू नाय तो," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथेच बसून रडल्या.

बोट लागली, डॉक्टरसाहेबांनी स्वतः पूड आणून दिली. सासूबाईंनी गोळी वळली आणि मामांना म्हणाल्या, "गिळा आणि मला शिवी द्या." मामांनी गिळली. तोंड उघडलं. अर्धीच शिवी बाहेर आली, पुढचा दम पुरला नाही. औषधाला फार उशीर झाला होता.

त्यांना न्यायला उचललं तेव्हा सासूबाई सगळ्यांना बाजूला सारून त्यांच्या डोक्याशी गेल्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण खांदेकरी, हणमंता, तो क्रेओल सुतार, आम्ही सगळे वेड्यासारखे थोडा वेळ थांबून राहिलो, मामा वळून बघतील म्हणून.