एतेल्काची सायकल आणि संगमरवरी घोडा

आमच्या राबाकेरेस गावात एतेल्का मावशीइतकं कुणी चाललं नसेल. टपाल वाटायची नोकरी, आणि तीही पायी! बाकीचे टपालवाले सायकलवर टिंग टिंग करत जायचे, ही आपली पिशवी खांद्याला लावून चिखल तुडवत. तिलाही वडिलांनी नवीकोरी काळी सायकल घेऊन दिली होती. छप्पन साली हंगेरीत रशियन रणगाडे आले, त्याच आठवड्यात ती सायकल गेली. "ओढ्यात पडली," असं तिनं पोलिसांना सांगितलं. आता आमच्या ओढ्यात बदकाचे पायसुद्धा धड बुडत नाहीत. गावानं काय चेष्टा केली म्हणता! "मावशी, आज पाणी चढलंय, चपला सांभाळा!" ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या दारात पत्र टाकायची.

त्याच आठवड्यात तिच्या घरचा भाडेकरू, सालांताई बोदोग नावाचा तरुण, ऑस्ट्रियाची सरहद्द ओलांडून पळाला. पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन मोठा कवी झाला. आपल्याला सरहद्दीपार नेणाऱ्या काळ्या घोड्यावर त्यानं लांबलचक कविता लिहिली. राज्य बदललं, त्याच्या कवितेवरची बंदी उठली, आणि आमच्या पोरांना शाळेत तो घोडा पाठ करावा लागला. मग नगराध्यक्ष केलेमेन यांच्या डोक्यात आलं, मावशीच्या भिंतीवर कवीचा स्मृतिफलक लावायचा.

"अहो, पण तो जिवंत आहे ना?" मी म्हटलं.

"म्हणून तर घाई! मेल्यावर समारंभाला येणार आहे का तो?"

फलकावर नावाखाली उधळलेला घोडा कोरायचं ठरलं. चित्र बघून मावशी भडकलीच. "कसला डोंबलाचा घोडा! माझी सायकल होती ती!"

केलेमेन हसले. "मावशी, हंगेरीचा कवी देश सोडणार तो सायकलवरून? आपले पूर्वज घोड्यावरून आले, हा घोड्यावरून गेला. कसं शोभतं! आणि तुमची सायकल तर ओढ्यात..."

"मग पोलिसांना काय सांगणार होते? बोदोगला दिली म्हणून? माझ्या बापाला उचलून नेलं असतं!"

कुणाचा विश्वास बसेना. त्या दिवशी मावशी माझ्या ओट्यावर बसून रडली. "मरायच्या आत एकदा तरी गावानं म्हणावं रे, एतेल्कानं सायकल बुडवली नाही." मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू? घोडा मलाही आवडला होता.

समारंभाला बोदोग आला. जाडजूड, हातात काठी. पोरांनी कविता म्हटली, केलेमेननी तिरंगी फीत ओढली, पडदा पडला. नाकपुड्या फुगवलेला तो घोडा बघून बोदोगनं चष्मा पुसला आणि तो कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात त्याला खारे पाव घेऊन उभी असलेली मावशी दिसली. झालं! भाषण राहिलं बाजूला, त्यानं काठीच उगारली.

"एतेल्का! मागचा ब्रेक लागत नाही, हे सांगायला काय तोंड शिवलं होतं तुझं? उतारावरून थेट ऑस्ट्रियाच्या शेणखतात गेलो मी!"

केलेमेनच्या हातातला पुष्पहार तसाच राहिला.

मावशीनं ताट माझ्या हातात कोंबलं. "संध्याकाळी परत आणतो म्हणाला होतास ना, मेल्या? आणली असतीस तर ब्रेक दुरुस्त केला असता!"

"पण... कवितेत घोडा आहे," केलेमेन पुटपुटले.

"अहो, शेणात लोळलेली सायकल कवितेत घालू कशी?" बोदोग ओरडला. मग त्यानं काठी खाली टेकवली. "चुकलो, एतेल्का," म्हणाला. ती दोघं भर चौकात एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आणि तेवढ्यात आम्ही ताट रिकामं केलं.

संगमरवर काही पुसता येत नाही. पाथरवटानं घोड्याच्या मानेवर हँडल आणि घंटी कोरून दिली. आता तो धड घोडाही दिसत नाही आणि धड सायकलही. मावशी घराबाहेर पडताना रोज त्या घंटीवर बोट आपटते. दगडाची घंटी, ती कुठून वाजणार? मग तीच मोठ्यानं "टिंग टिंग" म्हणते आणि चालायला लागते.